स्पॅमची चाळण आणि थॉमस बेझ

ई-मेलच्या खात्यात ‘स्पॅम’ नावाचा एक कप्पा असतो. लॉटरी लागल्याच्या थापा, बँकेच्या नावाने आलेले बनावट निरोप, आठ दिवसांत वजन उतरवणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती असा सगळा कचरा आपोआप तिकडे जातो. पण कधीतरी त्याच कचऱ्यात मुलाखतीचे बोलावणे सापडते. कधी हापूसच्या पेट्यांची मागणी सापडते, ती हंगाम उलटून गेल्यावर. कधी मुंबईच्या प्रयोगशाळेने पाठवलेला तपासणीचा अहवाल तिथे पडून असतो आणि रुग्ण मात्र अहवाल आला नाही म्हणून वाट पाहत बसतो. सुक्याबरोबर ओलेही जळते, त्यातला हा प्रकार.

वैद्यकातही हेच घडते. धडधाकट माणसाची एखादी तपासणी ‘पॉझिटिव्ह’ येते आणि घरातल्या सगळ्यांची झोप उडते. पुढे कळते की आजार नव्हताच. चांगले पत्र स्पॅममध्ये जाणे आणि निरोगी माणूस आजारी ठरणे या दोन चुका दिसायला वेगळ्या असल्या तरी त्यांच्यामागचे गणित एकच आहे. ते गणित ज्याच्या नावाने ओळखले जाते तो माणूस डॉक्टर नव्हता. संगणक तर त्याच्या स्वप्नातही नव्हता. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या एका लहान गावात तो धर्मोपदेशक होता. त्याचे नाव थॉमस बेझ.

बेझचा जन्म १७०१ च्या सुमाराचा. वडील जोशुआ बेझ हे लंडनमधले प्रतिष्ठित धर्मोपदेशक, पण इंग्लंडच्या अधिकृत चर्चशी न पटणाऱ्या पंथाचे. अशा घरातल्या मुलांना ऑक्सफर्डचे दार बंद होते आणि केंब्रिजची पदवी मिळत नव्हती. म्हणून १७१९ मध्ये थॉमस स्कॉटलंडला गेला आणि एडिंबरा विद्यापीठात त्याने तर्कशास्त्र व धर्मशास्त्र शिकले. परत आल्यावर काही वर्षे वडिलांच्या हाताखाली काम केले आणि १७३० च्या दशकात तो केंट परगण्यातल्या टनब्रिज वेल्स या गावी उपदेशक म्हणून राहायला गेला.

हे गाव प्रसिद्ध होते ते तिथल्या झऱ्यामुळे. झऱ्याच्या पाण्यात लोह होते आणि ते प्यायल्याने प्रकृती सुधारते, या समजुतीने दूरदूरहून लोक येत. रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, आरवली किंवा राजापूरजवळच्या उन्हाळ्याच्या कुंडांवर लोक जसे जातात, तसेच काहीसे. फरक इतकाच की टनब्रिज वेल्सला सरदार, व्यापारी, विद्वान अशी बडी मंडळी हंगामभर मुक्काम ठोकत. त्यामुळे लहान गावात राहूनही बेझच्या कानावर जगभरच्या गोष्टी येत.

त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. हिंदुस्थानाकडून आलेले तीन प्रतिष्ठित पाहुणे एकदा टनब्रिज वेल्सला आले. बेझ त्यांना इंग्लंडच्या थंडीचे वर्णन करून सांगत होता. पाणी गोठून इतके घट्ट होते की तळ्यांवरून आणि नद्यांवरून गाड्या जातात, हे काही पाहुण्यांना पटेना. बेझने बर्फघरातून बर्फाचा तुकडा आणवला आणि विस्तवाजवळ धरून वितळवून दाखवला. तरीही त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने मान हलवली. ही काहीतरी हातचलाखी आहे, असेच त्याचे मत पडले. मात्र घरी गेल्यावर सांगण्यासाठी त्याने ती गोष्ट लिहून घेतली.

कोकणच्या वाचकाला त्या पाहुण्यांचे हसू येणार नाही. ज्याने जन्मभर पाणी फक्त वाहताना पाहिले, त्याने एका तुकड्यावरून सगळी समजूत का बदलावी? पण समोर दिसलेले त्याने साफ नाकारलेही नाही, नोंद करून ठेवली. आधीचा अनुभव एका पारड्यात आणि नवा पुरावा दुसऱ्या पारड्यात टाकून मत किती सरकवायचे, हा तो प्रश्न. बेझच्या गणिताचा गाभाही नेमका हाच आहे.

हयातीत त्याने फार थोडे छापले. १७३१ मध्ये ईश्वराच्या दयाळूपणावर एक पुस्तिका आली. १७३६ मध्ये न्यूटनच्या कलनशास्त्राची बाजू मांडणारी दुसरी आली, तीही निनावी. बिशप बर्कली यांनी त्या शास्त्राच्या पायावरच हल्ला चढवला होता, त्याला हे उत्तर होते. १७४२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने बेझला सदस्य करून घेतले. १७५२ मध्ये त्याने उपदेशकाचे काम सोडले, पण गाव सोडले नाही. ७ एप्रिल १७६१ रोजी तिथेच त्याचा मृत्यू झाला. ज्या कामामुळे आज त्याचे नाव घेतले जाते ते काम तेव्हा त्याच्या कागदांच्या गठ्ठ्यात पडून होते.

नातेवाइकांनी तो गठ्ठा रिचर्ड प्राइस या मित्राकडे सोपवला. प्राइसही धर्मोपदेशक होता आणि हिशेबात पक्का होता. पुढे आयुर्विम्यासाठी मृत्यूचे तक्ते तयार करण्यात त्याने मोठे काम केले. कागद चाळताना त्याला एक अपुरा निबंध सापडला. ते पान टाकून दिले असते तर कोणाला कळलेही नसते. प्राइसने ते नीट वाचले, त्याला प्रस्तावना आणि पुरवणी जोडली आणि नोव्हेंबर १७६३ मध्ये ते रॉयल सोसायटीच्या जॉन कँटनकडे पाठवले. २३ डिसेंबर १७६३ रोजी सोसायटीत त्याचे वाचन झाले आणि नंतर ते सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले.

निबंधात एका टेबलाची कल्पना आहे. सपाट टेबलावर एक चेंडू टाकायचा आणि तो जिथे थांबेल ती जागा खूण करून ठेवायची. ती खूण न पाहिलेल्या माणसाने जागा ओळखायची. मग दुसरा चेंडू पुन्हा पुन्हा टाकायचा आणि तो पहिल्याच्या डावीकडे पडला की उजवीकडे, एवढेच त्या माणसाला सांगायचे. दहापैकी नऊ वेळा चेंडू उजवीकडे पडला, तर पहिला चेंडू बराच डावीकडे असणार. प्रत्येक फेकीबरोबर अंदाज थोडा सरकतो, थोडा पक्का होतो. तो कधीच शंभर टक्के पक्का होत नाही. तरी किती पक्का झाला, हे आकड्यात मांडता येते.

बेझच्या आधीचे गणिती उलट बाजूने जात. फासा चोख आहे असे धरून सहा किती वेळा पडेल, हे ते सांगत. बेझने विचारले की इतक्या वेळा सहा पडला आहे, तर फासा चोख असण्याची शक्यता किती? डॉक्टरला रोज पडणारा प्रश्न याच जातीचा आहे. या आजारात ताप येतो, हे पुस्तकात लिहिलेले असते. समोरच्या माणसाला ताप आहे, तर त्याला हाच आजार असण्याची शक्यता किती, हे पुस्तकात नसते.

निबंध छापला गेला, पण फारसा कोणी वाचला नाही. १७७४ मध्ये फ्रान्सच्या लाप्लासने हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली आणि पुढे तिला आजचे सूत्रबद्ध रूप दिले. विसाव्या शतकात मात्र तिच्यावर मोठे आक्षेप आले. आधीचा अंदाज आणायचा कुठून, आणि तो ज्याचा त्याचा असेल तर शास्त्र कसले, असा विरोधकांचा सवाल होता. रोनाल्ड फिशर यांच्यासारखा बडा संख्याशास्त्रज्ञ विरोधात होता. केंब्रिजचे हॅरोल्ड जेफ्रीज मात्र बेझच्या बाजूने उभे राहिले. जेफ्रीज मुळात पृथ्वीचा अभ्यास करणारे. भूकंपाच्या अपुऱ्या आणि विस्कळीत नोंदींतून पृथ्वीच्या पोटात काय आहे याचा अंदाज बांधताना त्यांना हीच रीत उपयोगी पडली.

या जेफ्रीज यांच्या हाताखाली शिकायला एक मराठी विद्यार्थी गेला होता. १९१९ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार हे ज्येष्ठ शास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचे मामा. केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन परतल्यावर १९५३ पासून त्यांनी पुणे विद्यापीठात गणित आणि संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. टनब्रिज वेल्सच्या उपदेशकाचा विचार महाराष्ट्रातल्या वर्गांत पोचला त्यातली एक वाट अशी केंब्रिजहून पुण्याला येते.

ई-मेलच्या आधी ही रीत वैद्यकात आली. १९५९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट लेडली आणि ली लस्टेड यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. डॉक्टर निदान कसे करतात हे त्यांनी तर्कशास्त्राच्या आणि बेझच्या भाषेत मांडले. चांगला वैद्य जे मनातल्या मनात करतो, ते कागदावर आले.

नको असलेल्या ई-मेलचा पहिला मोठा लोंढा १९७८ चा मानतात. एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने अमेरिकेतल्या सुमारे चारशे जणांना एकाच वेळी जाहिरात पाठवली होती. नव्वदच्या दशकात इंटरनेट घरोघरी गेले आणि त्या लोंढ्याचा पूर आला. सुरुवातीच्या चाळण्या अगदी ठोकळेबाज होत्या. ठरावीक शब्द दिसला की पत्र अडवायचे. त्यातून हसावे की रडावे असे प्रकार झाले. इंग्लंडमध्ये स्कनथॉर्प नावाचे एक गाव आहे. १९९६ मध्ये तिथल्या रहिवाशांना एका कंपनीच्या इंटरनेट सेवेत खाते उघडता येईना. गावाच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये चार अक्षरे अशी ओळीने येतात की त्यांची शिवी होते. २००३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या यंत्रणेने लैंगिक गुन्ह्यांविषयीच्या विधेयकावरची पत्रेच अश्लील म्हणून अडवली होती. डॉक्टरांनाही याचा त्रास झाला. शरीराच्या अवयवांची नावे आणि औषधांची नावे स्पॅमवाल्यांनाही तितकीच प्रिय असतात.

१९९८ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ठोकळेबाज यादी बाजूला ठेवली आणि बेझचा रस्ता धरला. २००२ मध्ये पॉल ग्रॅहॅम या संगणकतज्ज्ञाच्या लेखामुळे तो सर्वत्र पोचला. रीत समजायला सोपी आहे.

समजा, एखाद्या बागायतदाराच्या खात्यात आलेल्या १००० पत्रांपैकी ६०० स्पॅम आणि ४०० खरी आहेत. ‘ऑफर’ हा शब्द स्पॅमपैकी ३०० पत्रांत आहे आणि खऱ्यांपैकी २० पत्रांत. म्हणजे ‘ऑफर’ असलेल्या ३२० पत्रांपैकी ३०० स्पॅम. नुसता हा एक शब्द दिसला तर पत्र स्पॅम असण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के. ठोकळेबाज चाळण इथेच थांबेल आणि पत्र कचऱ्यात टाकेल.

आता त्याच पत्रात ‘पेटी’ हा शब्दही आहे असे धरू. आंब्याच्या व्यापारात हा शब्द रोजचा, म्हणून ४०० खऱ्या पत्रांपैकी १६० मध्ये तो येतो. ६०० स्पॅममध्ये तो फक्त २ ठिकाणी आहे. पहिल्या शब्दानंतर स्पॅमचे खऱ्याशी प्रमाण १५ ला १ होते. ‘पेटी’ हा शब्द खऱ्या पत्रात स्पॅमपेक्षा १२० पट जास्त वेळा दिसतो. म्हणून ते प्रमाण १२० पटीने घटते आणि १ ला ८ होते. स्पॅमची शक्यता ९४ वरून ११ टक्क्यांवर येते. पत्र वाचते. यात दोन्ही शब्द एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरले आहे. ते पूर्ण खरे नसते, तरी काम चांगले भागते. आजच्या यंत्रणा शब्दांबरोबर पाठवणाऱ्याचा पत्ता, त्याची जुनी वागणूक, पत्रातल्या लिंक असे पुष्कळ काही तपासतात. पण पुरावा जमेल तसा अंदाज सरकवत नेण्याची मूळ चाल त्यांतही आहे.

प्रश्न उरतो तो रेघ कुठे मारायची हा. साठ टक्के शक्यता असली की टाकायचे, की नव्व्याण्णव? १९९८ च्या संशोधकांनी ९९.९ टक्के खात्री झाल्याशिवाय पत्र टाकायचे नाही असे ठरवले. ग्रॅहॅम यांनी खऱ्या पत्रांतल्या शब्दांची मोजणी मुद्दाम दुप्पट धरली. दोघांचे कारण एकच होते. एक फालतू जाहिरात आत आली तर ती पुसायला क्षण लागतो. एक खरे पत्र हरवले तर नोकरी जाऊ शकते. दोन्ही चुका सारख्या किमतीच्या नसतात आणि किंमत किती धरायची हे गणित सांगत नाही. ते माणसाला ठरवावे लागते.

तपासणीच्या बाबतीत ही किंमत उलटीही असू शकते. रक्तपेढीत रक्ताची पिशवी तपासताना थोडा जरी संशय आला तरी ती बाजूला काढतात. एक चांगली पिशवी वाया गेलेली चालेल, एक दूषित पिशवी कोणाला चढलेली चालणार नाही. हाच सैल नियम माणसावर शिक्का मारायला लावला तर अनर्थ होईल.

तो कसा, हे आकड्यांत पाहू. समजा, १०,००० लोकांत एखादा आजार १० जणांना आहे. चाळणी तपासणी त्या दहाही जणांना पकडते. पण निरोगी शंभरांपैकी ५ जणांनाही ती चुकून आजारी ठरवते. ९,९९० निरोगी लोकांतले जवळपास ५०० जण असे अडकतील. एकूण ५१० पॉझिटिव्ह आणि त्यांत खरे आजारी १०. म्हणजे रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेल्या पन्नास जणांपैकी एकालाच आजार आहे. आता तीच तपासणी लक्षणे असलेल्या १,००० रुग्णांवर करू, ज्यांतल्या ३०० जणांना खरोखर आजार आहे. निरोगी ७०० पैकी ३५ चुकीने अडकतील. ३३५ पॉझिटिव्हमध्ये ३०० खरे, म्हणजे जवळजवळ ९० टक्के. तपासणी तीच, किट तेच. कोणाची तपासणी केली यावर रिपोर्टचा अर्थ बदलला.

कोकणातल्या डॉक्टरला याचे उदाहरण दर पावसाळ्यात भेटते. भातलावणीत चिखलात उघड्या पायांनी उभ्या राहिलेल्या माणसाला जोराचा ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर लेप्टोस्पायरोसिसचा संशय मुळातच दाट असतो. तिथे झटपट तपासणी पॉझिटिव्ह आली तर संशय पक्का होतो. सुरुवातीच्या दिवसांत ती निगेटिव्ह आली तरी उपचार थांबवणे धोक्याचे असते. तोच पॉझिटिव्ह रिपोर्ट भर मे महिन्यात, चिखलाशी संबंध न आलेल्या आणि साधी सर्दी झालेल्या माणसाचा असेल, तर आधी दुसरे कारण शोधावे लागते. म्हणून डॉक्टर रिपोर्ट उघडण्याआधी विचारतो की काम काय करता, शेतात गेला होता का, घरात उंदीर आहेत का. ही चौकशी म्हणजे बेझच्या सूत्रातला आधीचा अंदाज.

एका चाळणीवर विसंबायचे नाही, हा धडा एचआयव्हीच्या तपासणीत पक्का बसवला आहे. सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात पहिल्या तपासणीत दोष दिसला म्हणून कोणाला लागण झाली असे सांगत नाहीत. वेगवेगळ्या तीन किटने तपासून तिन्ही जुळल्यावरच निदान जाहीर होते. पहिली चाळणी जाणूनबुजून बारीक ठेवलेली असते, म्हणजे कोणी निसटू नये. पुढच्या दोन्ही निरपराध माणसाला सोडवण्यासाठी असतात.

घरच्या वापरासाठी यातून काही साध्या गोष्टी निघतात. महत्त्वाच्या पत्राची वाट पाहत असाल तर स्पॅमचा कप्पा आठवड्यातून एकदा उघडून पाहावा. जीमेलमध्ये तिथले पत्र ३० दिवसांनी आपोआप पुसले जाते. खरे पत्र सापडले तर ते नुसते वाचून सोडू नये, ‘हे स्पॅम नाही’ असे बटण दाबावे. त्यातून यंत्रणा शिकते. रुग्णालय, प्रयोगशाळा, बँक यांचे पत्ते आपल्या संपर्क यादीत नोंदवून ठेवावेत. आणि अहवाल आला नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असे कधीही समजू नये. फोन करून विचारावे.

रिपोर्टबाबतही तसेच. लक्षण नसताना पॅकेजमध्ये केलेल्या तीस-चाळीस तपासण्यांतली एखादी लाल अक्षरांत आली तर घाबरून जाऊ नये, आणि ती फाडूनही टाकू नये. डॉक्टरला दाखवून दुसरी, नेमकी तपासणी करावी. लक्षणे असतील तर उलट एका निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्त होऊ नये.

लंडनच्या बनहिल फील्ड्स या जुन्या दफनभूमीत बेझचे थडगे आहे. रिचर्ड प्राइसही तिथेच पुरलेला आहे. १९६९ मध्ये जगभरातल्या संख्याशास्त्रज्ञांनी वर्गणी काढून बेझच्या थडग्याची दुरुस्ती केली. तोपर्यंत त्याला जाऊन दोनशेहून अधिक वर्षे झाली होती. गठ्ठ्यातला तो कागद प्राइसने टाकण्यापूर्वी एकदा नीट वाचला होता, म्हणून हे गणित आज बेझच्या नावाने उभे आहे.